माडीवरची खोली, बाळाची आणि शिवणाची : प्रकल्प नोंदी

२८ सप्टेंबर २०२५

माडीवरची पूर्वेकडची खोली ठरली. दहा बाय पंधरा फूट, दोन खिडक्या, एक फडताळ, तीन कोनाडे, वर सागवानी तुळया, पायाखाली फळ्या. माझं शिवणाचं सगळं सामान आत्तापर्यंत इथेच. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार, नोव्हेंबर अखेरीला, सातवा लागला की. शिवण बंद करायचं नाही, कारण बाळंतविडा याच खोलीत शिवायचा आहे. म्हणून खोलीचे दोन भाग: खिडकीकडे बाळ, जिन्याकडे मशीन.

खालच्या खोल्या मोठ्या आहेत, पण तरी माडीच का, हे सांगलीच्या गावभागात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. त्यानंतर घरातली जपण्यासारखी प्रत्येक वस्तू वर आली आणि तिथेच राहिली. सासूबाईंची पत्र्याची पेटी, टांगायचा पाळणा, पांगुळगाडा, लाकडी ठकी, इरकली लुगड्यांचं गाठोडं.

लेकीने पुण्याहून फोटो पाठवलेत. पांढरा पाळणा, फिके रंग, मुद्दाम खरवडून जुनं दिसेल असं केलेलं कपाट. तिला जुन्या वळणाची खोली हवी आहे आणि मला ते मनापासून आवडलं. आपल्याकडे खरंच जुनं आहे. फक्त एक ठरवलं आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: जी वस्तू कामाला येईल आणि बाळाने तोंडात घातली तरी चालेल, तीच बाळाच्या बाजूला. बाकीची कितीही देखणी असली तरी शिवणाच्या बाजूला, नाहीतर बाहेर.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "अहो, बाळ यायच्या आधी काही आणायचं नसतं." मीही ते पाळते. पण घरात आहे ते धुणं, खरवडणं, दुरुस्त करणं म्हणजे आणणं नव्हे. वहिनींना ते पटलं. त्याच मग पेटी उतरवायला आल्या.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

मशीनची पूजा सकाळीच केली. झेंडूची माळ चाकाला, कात्रीला हळदकुंकू. आज मशीन चालवायचं नाही म्हणून फळ्यांकडे वळले.

ही जमीन म्हणजे या खोलीतला सगळ्यात मोठा धोका. फळ्यांच्या फटीत वर्षानुवर्षांच्या टाचण्या आणि सुया अडकल्यात. वरून दिसत नाहीत, झाडूला लागत नाहीत. रांगणारं मूल मात्र बोट घालून नेमकी तीच काढतं. ह्यांनी बंद पडलेल्या रेडिओच्या स्पीकरचा लोहचुंबक काढून दिला. त्याला सुतळी बांधून एकेका फटीवरून हळूहळू ओढत नेला. टाचण्या उभ्या होऊन वर येत, गंजलेल्या, दोऱ्याच्या गुंत्यासकट. मशीनच्या तुटलेल्या सुयांची टोकंही. काळ्या गंजाचा केसाळ गोळाच चुंबकाला लटकला. पितळी टाचण्या आणि काचेची बटणं चुंबकाला लागत नाहीत, त्यासाठी विणायच्या बारीक सुईने फटी उकरल्या. नंतर लाकडाचा भुसा आणि सरस कालवून फटी भरल्या.

५ ऑक्टोबर

भिंती. जुन्या विटांच्या आणि चुन्याच्या गिलाव्याच्या आहेत, पावसाळ्यात ओल धरतात. वर ऑइल पेंट दिला तर ओल आत कोंडते आणि वर्षभरात पापुद्रे सुटतात. म्हणून चुनाच. दसऱ्याआधीच कळीचा चुना पिंपात विरवून पाण्याखाली ठेवला होता. आज वस्त्रगाळ केला, डिंकाचं पाणी घातलं म्हणजे हाताला लागत नाही, आणि रंगाला पिवडी.

वहिनी म्हणाल्या, "पिवडी कशाला? हळद घाला की, सांगलीत हळदीला काय तोटा?" वाटीत करून दाखवलं. चुन्यात हळद पडली की तांबडी होते, कुंकू करतात ते याच गुणावर. बाळाची खोली कुंकवाच्या रंगाची व्हायची. पडद्याचा एक तुकडाही हळदीत बुडवून पूर्वेच्या खिडकीत लावून ठेवला आहे. उन्हात किती टिकतो ते बघू.

चुन्याचे हात पातळच द्यायचे. पहिला हात ओला असताना काहीच दिसत नाही, वाळला की उजळतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुना पुन्हा दगडासारखा होतो, त्याला सवड द्यावी लागते. ओला चुना डोळ्यात गेला तर डोळा भाजतो, म्हणून ह्यांना चष्म्याशिवाय कुंचा धरू दिला नाही.

९ ऑक्टोबर

पेटी उघडली. झाकण वर केल्याबरोबर डांबरगोळ्यांचा भपकारा.

हे सविस्तर लिहून ठेवते, कारण घरोघरी असंच असतं. बाळासाठी मऊ कापड म्हणून आपण आजीची लुगडी, आजोबांची धोतरं पेटीतून काढतो, फाडतो, दुपटी करतो आणि बाळाला गुंडाळतो. कापड मऊ असतं हे खरंच. नव्या सुती कापडाला तो मऊपणा यायला कैक धुणी लागतात. पण डांबरगोळी म्हणजे नॅफ्थलीन. ज्या बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे विकर कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी या वाफेने फुटतात आणि कावीळ भराभर चढते. नवजात बाळाची कावीळ फार वाढली तर मेंदूला इजा होते. बाळात ही उणीव आहे की नाही हे जन्माआधी आपल्याला दिसत नाही. म्हणजे सगळ्याच बाळांपासून डांबरगोळी लांब ठेवायची, यात तडजोड नाही.

गाठोडं सोडलं. गोळ्या चिमट्याने वेचून घट्ट झाकणाच्या डब्यात भरून घराबाहेर ठेवल्या. लुगडी आणि धोतरं गरम पाण्यात साबणाने धुऊन गच्चीवर टाकली. ऑक्टोबरचं ऊन या कामाला नेमकं. नॅफ्थलीन हवेत उडून जातं, त्यामुळे वारा आणि ऊन हाच उपाय. वास पूर्ण जाईपर्यंत रोज वाळत घालायचं. नाक पेटीला सरावलेलं असतं, म्हणून वास घ्यायचं काम वहिनींकडे.

पेटीतही आता गोळी नाही. कडुलिंबाचा वाळका पाला आणि वेखंडाच्या कांड्या, पुरचुंडीत घट्ट बांधून. कापूरही नको. मुलाच्या पोटात गेला तर आकडी येते.

११ ऑक्टोबर

हळदीचा तुकडा खिडकीत पार फिकटला. दुसऱ्या टोकाला साबण लावला तर डाग लालसर. पडदे साध्या मांजरपाटाचे करायचे.

१४ ऑक्टोबर

पाळणा परसात उतरवला. सागाचा, चार कोपऱ्यांना कातीव बोंडं, बाजूंना गज. वरून हिरवा ऑइल पेंट, कधीचा कोण जाणे, पण आमच्या लग्नाआधीचा नक्की.

सुतारमामा म्हणाले, "ताई, मशिन मारतो. अर्ध्या तासात गुळगुळीत हुतंय बघा."

"मशीन नको, मामा. कोरडं घासायचंच नाही."

घरगुती रंगात शिसं दहा लाखांत ९० भागांहून जास्त नसावं हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. हा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. कोरडा घासला की त्याची धूळ होते, ती नाकातोंडात जाते, फटीत बसते आणि रांगत्या मुलाच्या हातातून पोटात जाते. शिशाचा परिणाम मुलाच्या मेंदूवर होतो आणि झालेलं नुकसान भरून निघत नाही. पाळण्याचा कठडा तर दात येणारं मूल चावणारच.

मामांना हे सांगितल्यावर ते थोडे गप्प झाले, मग म्हणाले, "आमी तर जन्मभर कोरडंच घासलंय." त्यांना मास्क दिला, चांगल्यापैकी, आणि तो त्यांनी घरी न्यायचा असं ठरलं. खाली प्लॅस्टिकचा कागद पसरला. आधी रंग काढायचं औषध लावून रंग फुगवला, पट्टीने सोलला, मग वॉटर पेपर ओलाच ठेवून घासला. निघालेला चिखल पिशवीत भरून तोंड बांधलं. गटारात, नदीत काही सोडलं नाही. कपडे वेगळे धुतले.

हिरव्याखालून बोंडांवर लाखेचे पट्टे निघाले. तांबडा, पिवळा, मध्ये केसाइतकी काळी रेघ, प्रत्येक बोंडावर रेघेची जाडी थोडी वेगळी. कातावर बोंड फिरत असताना कुणीतरी लाखेची कांडी टेकवली असणार आणि फिरत्या लाकडाच्या उष्णतेने रंग चढला असणार. मी बराच वेळ हातात घेऊन बसले. पण जुन्या लाखकामात शेंदूर, हरताळ असे रंग असत आणि तेही विषारीच. शिवाय कोपऱ्यावर उंच बोंड असलं की मुलाच्या कपड्याचा बंद त्यात अडकतो. बोंडं काढली. शिवणाच्या बाजूच्या भिंतीत, माझ्या डोक्याच्या उंचीवर त्यांच्या खुंट्या होतील. एकीवर टेप, एकीवर कात्री, दोन ओढण्यांना. रोज हात लागेल, रोज दिसतील.

पाळण्याला आता लाखेचंच पॉलिश, रंगाविना. लिटरभर स्पिरिटमध्ये दीडशे ग्रॅम चपडा लाख रात्रभर भिजवायची, गाळायची, मऊ कापडाच्या बोळ्याने पातळ हात द्यायचे. स्पिरिट उडून गेलं की मागे नुसती लाख राहते. औषधाच्या गोळ्यांवरही तिचाच मुलामा असतो.

२५ ऑक्टोबर

दिवाळीत काम बंद होतं. भाऊबीजेला लेकीशी फोनवर मोहरीच्या उशीवरून बोलणं झालं. डोकं गोल व्हावं म्हणून आमच्याकडे सगळ्या बाळांना दिली. तिच्या डॉक्टरांनी पहिलं वर्षभर उशीच नको म्हटलं आहे. बाळ पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, पाळण्यात मोकळं काही नाही. मग उशी नाही. तयार मोहरी फोडणीला जाईल.

२८ ऑक्टोबर

मिरज. पाळण्याच्या गजांतली फट साडेनऊ सेंटीमीटर भरली. सहाच्या आत हवी, नाहीतर बाळाचं अंग फटीतून घसरतं आणि डोकं अडकतं. एका कातारी कारागिरांकडे जुना गज नमुन्याला दिला. प्रत्येक दोन गजांमध्ये एक नवा. त्यांनी गजाच्या पोटावरचा फुगवटा डोळ्यानेच जुळवला, माप घेतलं ते फक्त लांबीचं.

तिथून सितार-तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत. या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण गल्ली तशीच आहे, दारात भोपळ्यांची रास आणि आत तारा लावून बघण्याचा आवाज. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात. तंबोऱ्याला भोपळा बिनचिरेचा, सारख्या जाडीचा लागतो. चिरलेला वाद्याच्या कामाचा नाही. तसाच एक मागितला. कारागीर चाचांनी विचारलं, "दिवा करणार?" त्यांनीच सांगितलं की आतला गर कोरडा खरवडू नका, त्याची पूड घशाला लागते. भिजवून खरवडा आणि सावलीत वाळवा, नाहीतर भुंगा लागेल.

भोपळ्याची निम्मी वाटी आता मधल्या कोनाड्यावर पालथी, आत लहान एलईडी दिवा. बारीक छिद्रं पाडली, त्यासाठी चीर जाते तीच रेघ धरली. रात्री बाळाला घ्यायला उठलं तर डोळ्यावर उजेड येत नाही आणि पाय कुठे टाकायचा ते दिसतं. वायर भिंतीतून वर नेली.

४ नोव्हेंबर

जुन्या लाकडाच्या अड्ड्यात पाडलेल्या वाड्याच्या दाराच्या झडपा मिळाल्या. त्याचा तीन फुटी कठडा केला, मध्ये लहान दार, कडी शिवणाच्या बाजूला. झडपांच्या आडव्या पट्ट्या माझ्याकडे आणि सपाट बाजू बाळाकडे, म्हणजे पाय ठेवून चढता येणार नाही. रंगाची शंका होती म्हणून यांनाही परसातला तोच ओला विधी.

पायाचं मशीन खिडकीपासून हललं. पट्टा आणि मोठं चाक यांना फळीची पेटी घातली. पायटा मोकळा, चाक बंद. वरच्या बाजूला बटणांच्या बरण्या होत्या, त्या फडताळात वरच्या खणात, कडी-कोयंड्याआड. खेळणी तपासताना सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. जी वस्तू तीत पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते. माझं प्रत्येक बटण, प्रत्येक बॉबिन तीत मावतं. ठकी मावत नाही, पण तिचा रंग बोटाला लागतो. ती फडताळात, बटणांच्या शेजारी.

पेटीचं झाकण जड आहे, बोटावर पडलं तर बोट जाईल. बिजागऱ्यांतून काढलं. पेटी उघडीच गोधड्यांना, धारेला कापडाचं पायपिंग. झाकण शिवणाच्या भिंतीवर ठोकलं. पत्रा असल्याने स्पीकरचा तो चुंबक त्यावर बसतो आणि कागदी कटिंग धरून ठेवतो. पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ झाकणावर अजून दिसते. पुसायचा प्रयत्न केला नाही.

१२ नोव्हेंबर

पाळण्यावर लोंबतं ठेवायचं चिमणाळं झालं. पाच चिमण्या, एक राघू. लेकीला फोटोतले फिके रंग हवे होते, पण नवजात बाळाला फिकं नीट दिसतच नाही. त्याला फूटभर अंतरावरचं आणि ठळक दिसतं. काळं, पांढरं, लाल. म्हणून सासूबाईंच्या विरलेल्या चंद्रकळेचं अंग, धोतराची पांढरी पोटं आणि इरकलीच्या लाल पदराचे पंख. डोळ्यांना मणी नाहीत, दोऱ्याच्या गाठी. लेकीला फोटो पाठवला, तिचं उत्तर आलं, "आई, हे माझ्या सगळ्या फोटोंपेक्षा छान आहे." चिमणाळं पाळण्याला बांधायचं नाही, तुळईला वेगळा हूक. बाळ हातावर जोर देऊन छाती उचलायला लागलं की काढून टाकायचं, पाचव्या महिन्याच्या सुमारास.

गोधडीही आज सुरू. वर इरकली, आत धोतराचे थर, खाली मऊ नऊवारी. बाहेरच्या कडेने सुरुवात करून धावदोरा घालत आत आत यायचं, म्हणजे थर सरकत नाहीत. ही पाळण्यात जाणार नाही. जमिनीवर अंथरायला, बाळ पालथं टाकायला आणि आपण शेजारी बसायला. गुळेदगुडच्या खणाचे तुकडे कडेला लावले, ते खडबडीत असतात म्हणून फक्त कडेला.

२३ नोव्हेंबर

लेक आली. खोली बघून आधी फळ्यांवर बसली, मग आडवी झाली आणि तिथून, बाळाच्या उंचीवरून, खोली बघितली. मशीनच्या पेटीचा खालचा खिळा तिने तिथून दाखवला. माझ्या उंचीवरून तो कधीच दिसला नसता. मामांनी लगेच ठोकला. गोधड्यांचं कपाट एल-पट्टीने भिंतीला जखडायला हवं, हेही तिचंच.

पांगुळगाडा ती स्वतः साफ करणार, पॉलिश नाही. स्पिरिट मी तिला हाताळू देत नाही. गरम पाण्याने पुसून सुकं घासणं तेवढं, कारण त्याला रंग कधी लागलेलाच नाही. तो एका वर्षानंतर लागेल, तोवर त्यावर लोकरीचे गुंडे.

३० नोव्हेंबर

पाळणा चढला. तुळईतल्या कड्यांना आधी ज्वारीचं पन्नास किलोचं पोतं टांगून रात्रभर ठेवलं. कड्या हलल्या नाहीत. तुळईच्या भोकात जुनी कीड होती का ते मामांनी सुई टोचून बघितलं, लाकूड टणक आहे. साखळ्यांची लांबी सारखी करून पाळण्याच्या तळावर पाणसळ ठेवली, कारण पाळणा एका बाजूला झुकला की बाळ त्या बाजूला घसरून तोंड गादीत जातं. एका साखळीची एक कडी कमी करावी लागली. पिंजाऱ्याकडून गादी पिंजून घट्ट करून आणली, चारी बाजूंना बोट जात नाही.

रिकामा पाळणा हलवायचा नाही म्हणून तळाशी वरवंटा ठेवला आहे. बारशाला गोप्या म्हणून तोच आधी पाळण्यात जाईल.

राहिलेलं काम: मच्छरदाणीची चौकट, मांजरपाटाचे पडदे, कपाटाची दुसरी एल-पट्टी. झबली सहा कापून ठेवली, बंद लावायचे आहेत, बटण एकालाही नाही. कुंचीचा खण घरात आहे, अस्तर धोतराचं धुऊन इस्त्री करून ठेवलं. ती बाळ झाल्यावर, डोक्याचं माप घेऊन, सव्वा महिन्याच्या आत शिवायची.